हरिकेननंतर धरणावर दिसणारे समुद्रपक्षी

अमेरिकेत उत्तर कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर केर नावाचा मोठा जलाशय आहे. खुला समुद्र तिथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. एरवी या पाण्यावर कुरव, बगळे, बदकं असं नेहमीचं मंडळ असतं. पण सप्टेंबर १९९६ मध्ये फ्रॅन नावाचं हरिकेन केप फिअरजवळ किनाऱ्यावर चढलं, रातोरात उत्तरेकडे सरकलं आणि दुसऱ्या दिवशी याच पाण्यावर पक्षीनिरीक्षकांना ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल उडताना दिसले.

हा पक्षी हिस्पॅनिओला बेटाच्या डोंगरांत, उंच कड्यांवरच्या बिळांत अंडी घालतो आणि घरट्याकडे फक्त रात्री येतो. बाकीचं आयुष्य समुद्रावर. एरवी तो पाहायचा तर उत्तर कॅरोलिनाच्या केप हॅटरसहून बोटीनं बरंच आत जाऊन गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या कोमट पाण्यापर्यंत पोचावं लागतं. त्याची संख्या इतकी कमी झाली आहे की २०२३ च्या अखेरीस अमेरिकेनं त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. असा पक्षी धरणाच्या भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाला दिसतो, तेव्हा त्याचं भान हरपणं साहजिक आहे. पण तो काही तासांचाच पाहुणा असतो. मागे उरते ती नोंद, आणि ती कच्ची असेल तर तो आला होता हे पुढे कुणाला सांगताही येत नाही. म्हणून या लेखात पक्ष्याइतकीच जागा नोंदीला दिली आहे.

आधी, तो तिथे पोचतो कसा?

हरिकेन म्हणजे कोमट समुद्रावर जन्मलेलं चक्रीवादळ. वाऱ्याचा सातत्यानं टिकणारा वेग ताशी ११९ किलोमीटरवर गेला की अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात. उत्तर गोलार्धात हे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतात. मधोमध असतो डोळा, साधारण तीस ते पासष्ट किलोमीटर व्यासाचा. आत वारा मंद असतो, पाऊस थांबलेला असतो, कधी कधी निळं आकाशही दिसतं. त्याच्या भोवती ढगांची गोल भिंत असते आणि सगळ्या वादळातला सर्वांत जोराचा वारा नेमका त्या भिंतीत असतो.

डोळ्यात सापडलेल्या पक्ष्याची अडचण आता लक्षात येईल. बाहेर जायचं तर त्या भिंतीतून जावं लागतं. त्यापेक्षा आतच घिरट्या घालणं परवडतं. डोळा स्वतः मात्र सावकाश सरकत असतो, बहुतेक वेळा समुद्रपक्ष्याला सहज जमेल अशा गतीनं. पक्षी त्याच्याबरोबर सरकत राहतो. किनारा येतो, ओलांडला जातो, खाली शेतं आणि गावं सुरू होतात. जमिनीवर आल्यावर वादळाला कोमट पाण्याची ऊर्जा मिळेनाशी होते, भिंत ढासळते, डोळा भरून जातो आणि तो पिंजरा भलत्याच ठिकाणी उघडतो.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही. हवामान खात्याचं आजचं रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रकारच्या लहरी सोडतं आणि परत आलेले दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांशी ताडून पाहतं. पावसाचे थेंब आकारानं एकसारखे असल्यामुळे ते प्रतिध्वनी जवळपास जुळतात आणि जुळणीचा आकडा एकच्या अगदी जवळ येतो. पक्षी आणि कीटक वेडेवाकडे, पंख हलवणारे, प्रत्येकाची दिशा निराळी, त्यामुळे तिथे आकडा घसरतो. २०१६ मध्ये हर्मिन हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्याशी आलं तेव्हा त्याच्या डोळ्यात असा घसरलेल्या आकड्यांचा ठिपका रडारवर स्पष्ट दिसत होता. पाऊस नसलेल्या जागी जिवंत काहीतरी उडत होतं. कुठली प्रजाती, हे मात्र रडार सांगत नाही. ते सांगायला खाली कुणीतरी दुर्बीण घेऊन उभं असावं लागतं.

सगळेच पक्षी डोळ्यातून येतात असंही नाही. वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडे तोंड करून उभे आहोत असं समजा. मेक्सिकोच्या आखातातून उत्तरेकडे येणाऱ्या वादळात उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, आणि वादळाची स्वतःची पुढे सरकण्याची गती त्यात मिळवली जाते. डाव्या हाताला तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणून उजव्या बाजूचे पक्षी किनाऱ्याकडे आणि आत ढकलले जातात. जाणते निरीक्षक वादळाचा नकाशा पाहताना पहिल्यांदा त्याच्या मार्गाची उजवी बाजू बघतात ती याचसाठी.

आणि पक्षी निव्वळ वाऱ्यावर उडणारा पालापाचोळा आहे असं समजू नका. अटलांटिकमधल्या मदेइराजवळच्या बुजिओ बेटावर घरटी करणाऱ्या डेझर्टास पेट्रेलना संशोधकांनी मार्ग नोंदवणारी छोटी यंत्रं लावली. २०२४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यावरून दिसलं की यांतले काही पक्षी चक्रीवादळ टाळत नाहीत, ते गेल्यावर त्याच्या मागोमाग शेकडो किलोमीटर जातात. वादळानं पाणी घुसळलेलं असतं आणि खोलवरचं खाद्य वर आलेलं असतं, असा त्यामागचा अंदाज आहे. जपानजवळचे स्ट्रीक्ड शिअरवॉटर तर जमीन आणि वादळ यांच्या कात्रीत सापडले की कधी कधी टायफूनच्या, म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधल्या अशाच वादळाच्या, डोळ्याच्या रोखानं उडतात. समुद्रपक्ष्याला वाऱ्यापेक्षा जमिनीचं भय जास्त, हे त्यातून कळतं. धरणावर दिसणारा पेट्रेल पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला ज्या गोष्टीचं भय असतं, नेमकी तीच त्याच्या वाट्याला आलेली असते.

हरिकेनचा सगळ्यांत नेहमीचा पाहुणा म्हणजे सूटी टर्न. सुरय कुळातला, वरून काजळासारखा काळा, खालून पांढरा. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या पश्चिमेला ड्राय टॉर्टुगाज नावाची छोटी बेटं आहेत, तिथे त्यांची हजारोंची वसाहत भरते. पिलं मोठी झाली की सगळे समुद्रावर पांगतात, आणि नेमका तोच हरिकेनचा मोसम. या पक्ष्याची पिसं पाण्यापुढे फारशी टिकत नाहीत, म्हणून तो पाण्यावर बसून वादळ काढू शकत नाही, हवेतच राहतो. त्यामुळे तो इतक्या वेळा उचलला जातो. त्याच्या जोडीनं ब्रायडल्ड टर्न, मोठाले फ्रिगेटबर्ड, एखादा ट्रॉपिकबर्ड, शिअरवॉटर, स्टॉर्म-पेट्रेल.

कोण येणार हे वादळ किती भयंकर होतं यापेक्षा ते कुठल्या पाण्यावरून आणि वर्षाच्या कुठल्या दिवसांत आलं यावर ठरतं. हरिकेनचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. ऑगस्ट २०११ मधल्या आयरीननं उष्ण समुद्रावरचे व्हाइट-टेल्ड ट्रॉपिकबर्ड ईशान्येकडच्या राज्यांपर्यंत नेले. सँडी २९ ऑक्टोबर २०१२ ला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं, तोवर उत्तरेकडचे पक्षी खाली सरकायला लागले होते. म्हणून त्याच्या यादीत लीचेस स्टॉर्म-पेट्रेल आणि जेगर हे उत्तरेकडचे समुद्रपक्षी होते. पुढच्या दिवसांत न्यू इंग्लंडमध्ये युरोपातल्या नॉर्दर्न लॅपविंग म्हणजे टिटवीच्या भाऊबंदही उतरल्या. सँडीच्या उत्तर अंगाला अटलांटिकभर पसरलेले पूर्वेचे वारे हेच त्याचं पटणारं कारण आहे. २०२३ च्या इडालियानंतर फ्लेमिंगो थेट ओहायोपर्यंत गेले आणि विस्कॉन्सिनमध्ये मिशिगन सरोवराच्या काठीही उभे राहिले. त्या राज्यात फ्लेमिंगो दिसण्याची ती पहिलीच वेळ. फ्लेमिंगो काही खुल्या समुद्रावरचा पक्षी नव्हे, पण वादळाचा हात किती लांब पोचतो ते यावरून दिसतं.

आता बाहेर पडण्याविषयी. वादळ चालू असताना किनाऱ्यावर जाऊ नका. घर सोडायचा आदेश निघालेल्या भागात तर अजिबातच नाही. हरिकेनमध्ये सगळ्यांत जास्त माणसं पाण्यानं मरतात, वाऱ्यानं नव्हे. पंधरा सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं आणि तीस सेंटिमीटर पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं. कुणाचं छप्पर उडालंय अशा गल्लीत दुर्बीण गळ्यात घालून फिरणंही बरं दिसत नाही. आधी त्या माणसांना काही हवं आहे का ते विचारा. पक्षी पाहायला आतल्या भागातले जलाशय बरे, आणि तिथेही वाऱ्याच्या आडोशाला, गाडीत बसून.

जागा निवडायची तर मोठं, उघडं पाणी आणि ते सगळं दिसेल अशी उंची. धरणाची भिंत उत्तम. भरकटलेला समुद्रपक्षी हवेतून पाणी शोधतो आणि जमिनीच्या पसाऱ्यात त्याला सर्वांत मोठं दिसतं ते जलाशयाचं पाणी. वेळ म्हणाल तर वादळ वरून जात असताना आणि त्यानंतरची पहिली सकाळ. उजाडलं की ताकद असलेले पक्षी निघतात, बरेचदा नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राच्या रोखानं. नऊ वाजता आरामात पोचलेल्याला रिकामं पाणी दिसतं. उशीर झालाच असेल तर धरणाच्या खालच्या अंगाला, नदीवरच्या एखाद्या पुलाशी उभं राहून पाहा.

आता पक्षी दिसला असं धरू. इथे बहुतेकांचा पहिला हात पुस्तकाकडे किंवा फोनमधल्या ॲपकडे जातो, आणि माझं ठाम म्हणणं आहे की तो थांबवावा. चित्र एकदा पाहिलं की डोळा चित्रातल्या खुणा पक्ष्यावर पाहायला लागतो. आधी पक्षी पाहा, तो दिसतोय तोवर फोनवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, मग लिहा, आणि सगळ्यात शेवटी पुस्तक. नोंद अशी असावी:

“सकाळी ७:४२. धरणाच्या भिंतीवरून पूर्वेकडे पाहताना. अंतर अंदाजे दोनशे मीटर. आकाश ढगाळ, वारा आग्नेयेकडून. जवळून गेलेल्या लाफिंग गलपेक्षा अंगानं बारीक. पाठ आणि पंख वरून सगळीकडे सारखेच काळे, मानेमागे फिका पट्टा नाही. खालून पांढरा. कपाळावर पांढरा डाग, डोळ्याशी थांबलेला. शेपटी खोल दुभंगलेली. पाण्यात सूर मारला नाही, खाली येऊन पृष्ठभागाला चोच लावून वर गेला. ७:५१ ला नदीच्या दिशेनं दिसेनासा झाला. पायांचा रंग दिसला नाही.”

यातलं एकेक वाक्य कामाचं आहे. मानेमागे पट्टा नाही आणि कपाळाचा डाग डोळ्याशी थांबतो, एवढ्यावर हा ब्रायडल्ड टर्न नव्हे हे ठरतं. त्याची पाठ करडी-तपकिरी असते, मानेवर फिकट पट्टा असतो आणि कपाळाची पांढरी रेघ डोळ्याच्या मागे जाते. लाफिंग गल हा नेहमीचा कुरव शेजारून गेला म्हणून आकाराला माप मिळालं. एकट्या पक्ष्याचा आकार उघड्या पाण्यावर कुणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून शेजारी ओळखीचा पक्षी असेल तर तो आवर्जून लिहावा. सूर मारला नाही हेही महत्त्वाचं, कारण कितीतरी टर्न सूर मारतात आणि सूटी टर्न खाद्य वरच्यावर टिपतो. शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जे दिसलं नाही ते दिसलं नाही असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर तपासणारा विश्वास ठेवतो.

मिनिटापर्यंतची वेळ कशाला, असा प्रश्न पडेल. नॅशनल हरिकेन सेंटर वादळ चालू असताना दर सहा तासांनी त्याची जागा आणि जोर जाहीर करतं, आणि नंतर सगळं तपासून संपूर्ण मार्गही प्रसिद्ध करतं. तुमची वेळ आणि जागा नेमकी असेल तर पक्षी दिसला तेव्हा वादळाचा डोळा किती दूर होता आणि तुम्ही मार्गाच्या उजवीकडे होतात की डावीकडे, हे पुढे केव्हाही काढता येतं. “सकाळी कधीतरी, तलावावर” यातून काहीच निघत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवून घ्या. उन्हाळी वेळेचा एक तास राहून गेला की शेकडो फोटोंची वेळ चुकते.

फोटोचं म्हणाल तर सुबक चित्राच्या मागे लागू नका. पंख वर उचललेला एक आणि पंख खाली आलेला एक, म्हणजे पंखांच्या दोन्ही बाजू मिळाल्या. शेपटी, चोच, डोक्याची बाजू. पावसाळी उजेडात धूसर, तिरपा, दाणेदार फोटोही पुरेसा ठरतो. करड्या आकाशापुढे पक्षी नुसता काळा ठिपका येतो, त्यासाठी उजेड थोडा वाढवून टिपा. ब्लॅक-कॅप्ड पेट्रेलचा चेहरा तर हमखास टिपावा. त्यांच्यात पांढऱ्या चेहऱ्याचे आणि काळ्या चेहऱ्याचे असे दोन प्रकार आहेत, आणि कुठल्या वादळात कुठला प्रकार आला हे कळणं संशोधकांच्या कामाचं आहे. मूळ फोटो न कापता, न उजळता एक प्रत बाजूला ठेवा.

फसगत कुठे होते तेही ठाऊक असावं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आतल्या तलावांवर ब्लॅक टर्न स्थलांतरात येतातच. सूटी टर्नचं कोवळं पिल्लू जवळपास सगळंच काळपट असतं, फक्त पाठीवर फिके ठिपके. दुरून दोघांत गोंधळ होतो. कोवळा, तपकिरी लाफिंग गल घाईत जेगर वाटतो. स्टॉर्म-पेट्रेल आणि पाण्यावरून भिरभिरणारी भिंगरी यांतही चूक होते, आणि स्टॉर्म-पेट्रेलमधली प्रजाती ठरवणं त्याहून अवघड. विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेलचे पाय शेपटीपलीकडे डोकावतात आणि उड्डाण बरंचसं सरळ असतं. लीचेसची शेपटी दुभंगलेली, आणि तो रातव्यासारखा झोकांड्या खात, उसळत उडतो. बँड-रम्प्डच्या कमरेवर स्वच्छ पांढरा पट्टा. पावसात तीनशे मीटरवर यातलं काही धड दिसलं नसेल तर “स्टॉर्म-पेट्रेल, प्रजाती अनिश्चित” असं लिहा. ती पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. ओढूनताणून दिलेलं नाव मात्र पुढची कित्येक वर्षं यादीत चुकीचं बसून राहतं.

नोंद द्यायची कुठे? कॉर्नेल पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं ई-बर्ड २००२ पासून चालू आहे. त्या ठिकाणी त्या दिवसांत अनपेक्षित असलेला पक्षी तुम्ही भरला की यंत्रणा तपशील मागते, आणि नंतर त्या भागाचा स्वयंसेवक तपासनीस तुमच्याशी बोलतो. काही जणांना याचा राग येतो. तो येऊ नये. तपासनीस तुम्हाला खोटं ठरवायला बसलेला नसतो. वीस वर्षांनी ही नोंद वाचणाऱ्याच्या वतीनं तो प्रश्न विचारत असतो. राज्यात क्वचितच दिसणारा पक्षी असेल तर ती नोंद राज्याच्या नोंद समितीकडेही पाठवावी. तिथे सदस्य पुरावा पाहून मत देतात. दिवसभरात चार ठिकाणी फिरलात तर चार याद्या करा. सगळं एकाच यादीत कोंबलं की पक्षी नेमका कुठे होता ते हरवून जातं.

काही पक्षी उडण्याच्या अवस्थेत नसतात. स्टॉर्म-पेट्रेल आणि पेट्रेल रात्री दिव्यांकडे ओढले जातात आणि सकाळी वाहनतळात, भिंतीच्या कडेला सापडतात. ट्रॉपिकबर्डचे पाय इतके मागे असतात की सपाट जमिनीवरून त्याला उठताच येत नाही. अशा पक्ष्याला हवेत फेकून “मोकळं” करायला जाऊ नका. हातमोजे घाला, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि परवानाधारक वन्यजीव उपचारकाला फोन करा. काठावर विसावलेला टर्नचा थवा दिसला तर फोटोसाठी पुढे सरकू नका. अंगातली उरलीसुरली चरबी त्याला समुद्रापर्यंत पोचायला हवी असते.

मेलेले पक्षीही सापडतात. पाण्याबरोबर आलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेत, ओली पिसं अंगाला चिकटलेले, हातात घेतलं तर वजन जाणवू नये इतके हलके. मन खट्टू होतं, पण तीही नोंदच आहे. पंख पसरून, मापासाठी शेजारी पेन ठेवून फोटो घ्या आणि पाय तपासा. पायात कडं असेल तर त्यावरचा क्रमांक अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीला कळवा. तो पक्षी कुठे आणि कधी कडं घालून सोडला होता ते ही प्रयोगशाळा तुम्हाला कळवते. पक्षी मात्र घरी आणू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार परवान्याशिवाय साधं पीसही बाळगता येत नाही. परवाना असलेल्या संग्रहालयाला कळवा, ते रीतसर घेऊन जातील.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच भिंतीवर जा, आणि तिसऱ्या दिवशीही. पाणी गढूळ असेल, फांद्या आणि प्लास्टिक तरंगत असेल, आणि बहुधा नेहमीचे कुरव, नेहमीचे बगळे यांच्याशिवाय काही नसेल. तरी तासभर पाहा आणि यादी भरा, किती वेळ पाहिलं ते लिहून. सूटी टर्न ७:५१ ला गेला आणि परत दिसला नाही हे फक्त त्या यादीवरून कळतं.